आंबणे आणि नासणे

मराठीत अन्नाचे रूप पालटण्यासाठी दोन क्रियापदे आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. इडलीचे पीठ आंबते, दूध नासते. पीठ नासले असे आपण म्हणतो तेव्हा ते फेकून द्यायचे असते. आंबले म्हणतो तेव्हा ते शिजवायचे असते. सूक्ष्मजीवांना विचारले तर दोन्ही ठिकाणी त्यांचे काम एकाच जातीचे आहे. फरक करतो तो माणूस. आंबण्याची कोणीतरी वाट पाहत असते. नासते ते वाट न पाहता, लक्ष नसताना. म्हणजे या दोन शब्दांतली सीमारेषा रसायनशास्त्राची नाही, लक्ष ठेवण्याची आहे. आणि ते लक्ष ठेवणारे माणूस आपल्याकडे बहुतेक वेळा स्वयंपाकघरातली बाई असते.

या सीमेवर तिसरा एक शब्द उभा आहे: दारू. हा फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ औषध असा होतो. मराठीत तो तोफेतही गेला आणि बाटलीतही. ताडी, माडी, मोहाची पहिल्या धारेची, उसाच्या मळीची, परदेशी व्हिस्की, सगळ्यांवर हाच एक शब्द पसरला आहे. बिअरला तर आपण स्वतःचा शब्दही दिला नाही. ती बिअर म्हणूनच आली आणि बिअर म्हणूनच राहिली. मला बरेच दिवस एक प्रश्न पडला आहे. उन्हाळ्यात घरी आंबवून गार करून प्यायचे, तहान भागवणारे, जेमतेम अंगावर येणारे पेय जगभरच्या शेतकरी घरांत होते. आपल्याकडे त्याचे काय झाले? या प्रश्नाचे उत्तर मला ग्रंथालयात थोडे सापडले, पण त्याची सुरुवात मी जिथे शिकवते त्या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात झाली.

या भागाचा उन्हाळा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. सह्याद्रीच्या पायथ्याची ही जमीन पावसाळ्यात अक्षरशः वाहते आणि एप्रिलमध्ये तिला भेगा पडतात. तानसा शहापूर तालुक्यात आहे, भातसाही इथेच आहे. मुंबई जे पाणी पिते त्यातले मोठे पाणी इथून जाते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागलेली असते. भाताची खाचरे कोरडी पडलेली, वरकस जमिनीवर नागली काढून झालेली, निम्मी घरे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली. मागे राहतात ती म्हातारी माणसे, लहान मुले आणि मोहाची झाडे. मोहाची फुले रात्री उमलतात आणि पहाटे गळतात; झाडाखालचा पालापाचोळा आधी साफ केलेला असतो, म्हणजे फुले वेचणे सोपे जाते.

अशाच एका ठाकर पाड्यावर, विद्यार्थ्यांबरोबर बोलीतले शब्द गोळा करायला गेलेले असताना, एका आजीने आम्हाला आंबील दिली. नागलीची होती. रीत साधी. संध्याकाळी मडक्यात नागलीचे पीठ कोमट पाण्यात सैलसर कालवायचे, त्यात कालच्या आंबिलीचा राहिलेला थोडा गाळ विरजण म्हणून सोडायचा आणि तोंडाला फडके बांधून मडके चुलीच्या उबेला ठेवायचे. सकाळी वर बारीक बुडबुडे आलेले असतात आणि वास आंबूस, पण स्वच्छ येतो. मग दुसऱ्या भांड्यात मीठ घालून पाण्याला आधण आणायचे, त्यात हे आंबलेले पीठ धार धरून सोडायचे आणि गुठळी होऊ न देता ढवळत शिजवायचे. गार झाली की ताक असेल तर ताक, नसेल तर नुसतेच पाणी. बरोबर कांदा किंवा भाजलेला सुका बोंबील. उन्हातून आलेल्या माणसाने ही आंबील दोन वाट्या प्यावी आणि सावलीत बसावे. पोटातून गारवा वर येतो. सरबताने तहान भागते पण भूक राहते. आंबील दोन्हींची सोय करते.

मी आजींना विचारले, एक रात्रच का ठेवायची? त्या म्हणाल्या, "एक रातीची म्हंजे आंबील, बाई. दोन रातीची आंबट, ती म्हाताऱ्यांना आवडती. तीन रातीचं मला इचारू नको." आणि हसल्या. बरोबरच्या मुली तोंडाला ओढणी लावून हसल्या. एका मुलीने तेवढे वाक्य वहीत लिहिले नाही, हे मी पाहिले.

त्या तिसऱ्या रात्रीबद्दल विज्ञान काय सांगते ते आधी पाहू, म्हणजे गैरसमज राहणार नाही. नुसत्या पिठाची आंबील कितीही दिवस ठेवली तरी तिची फारशी दारू होत नाही. ती आंबट होत जाते आणि शेवटी खरोखरच नासते. कारण पिठात असतो तो स्टार्च, आणि मद्य करणाऱ्या यीस्टला हवी असते साखर. आंबिलीत राज्य चालते ते लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जीवाणूंचे, दह्यातल्या जीवाणूंच्या भाऊबंदांचे. यीस्ट असते, पण उपाशी असते. तिचे पोट भरायचे तर स्टार्चची साखर करणारे विकर हवे, आणि ते निसर्गाने धान्यात एका विशिष्ट वेळी ठेवलेले आहे: दाण्याला मोड येतो तेव्हा. कोंबाला वाढायला साखर लागते म्हणून दाणा आपल्या साठ्याचे कुलूप उघडतो. मोड आणून, वाळवून दळलेले धान्य म्हणजेच माल्ट. बिअर बनवणारा जवाचे करतो. आपल्या मध्यमवर्गीय घरांत नाचणीचे करतात आणि तान्ह्या बाळाला चमच्याने भरवतात. आंबील आणि बिअर यांच्यातले अंतर म्हणजे एक मोड, एवढेच आहे.

हे अंतर अनेक समाजांनी सहज ओलांडले. नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंगकडे याच नाचणीला कोदो म्हणतात आणि तिच्यापासून छांग किंवा तोंगबा करतात. लाकडी पेल्यात आंबलेले दाणे भरून त्यावर गरम पाणी ओततात आणि नळीने पितात. पूर्व आफ्रिकेत, जिथून नाचणी आपल्याकडे आली असे मानतात, तिची बिअर आजही घरोघर होते आणि ती करणाऱ्या बहुतेक बायका असतात. सुमेरियन लोकांना तर बिअरची स्वतंत्र देवी होती, निन्कासी नावाची. तिचे सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीचे स्तोत्र मातीच्या पाटीवर मिळाले आहे आणि त्या स्तोत्रातच बिअर करण्याची कृतीही गुंफलेली आहे. मोड आलेले धान्य, भाकर, मडके, गाळणे. जगातल्या प्राचीन पाककृतींपैकी एक कविता आहे आणि ती बिअरची आहे, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

इथे मला माझ्या मामेभावाची आठवण होते. तो न्यू जर्सीत राहतो आणि दर उन्हाळ्यात गॅरेजमध्ये गव्हाची हलकी बिअर करतो. फोनवर तो मला कृती सांगत होता तेव्हा मी आंबिलीशी ताडून पाहत होते. गव्हाचे आणि जवाचे माल्ट भरडून पासष्ट अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवायचे, म्हणजे स्टार्चची साखर होते. ते पाणी गाळून उकळायचे, त्यात हॉप्सची कडसर फुले घालायची, गार करायचे, यीस्ट सोडायची आणि दोनेक आठवडे वाट पाहायची. बाटलीत भरताना थोडी साखर, म्हणजे फेस येतो. तो म्हणाला, "ताई, सगळ्यात अवघड काम भांडी धुण्याचं आहे. जरा घाण राहिली की आंबट होते." मी त्याला म्हटले, तुझी ज्यामुळे नासते त्यानेच आमची आंबील होते. त्याला हे फार आवडले.

त्याच्या गॅरेजमधली बिअर कायदेशीर आहे. तीही फार जुनी गोष्ट नाही. अमेरिकेत १९१९ च्या घटनादुरुस्तीने दारूबंदी आली, १९३३ मध्ये गेली; पण घरी बिअर करण्याची केंद्रीय मोकळीक मिळायला १९७८ उजाडावे लागले. त्या वर्षी अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे सुमारे साडेसातशे लिटर बिअर स्वतःपुरती करण्याची सूट दिली. ऊर्ध्वपातनाला, म्हणजे भट्टी लावून अर्क काढण्याला मात्र त्या कायद्याने सूट दिली नाही. रेषा कुठे ओढली ते पाहण्यासारखे आहे. आंबण्याच्या आणि भट्टीच्या मध्ये ती रेषा आहे. मडके घरात, भट्टी बाहेर.

आपल्याकडे ही रेषा वेगळ्या जागी ओढली गेली आणि ती ओढण्यामागे तहान नव्हती, महसूल होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्याशिवाय दारू गाळणे आणि ताडी काढणे गुन्हा ठरवले. ताडीच्या झाडावर कर बसला. झाडावरून सकाळी उतरवलेली, दुपारपर्यंत फसफसणारी ताडी सरकारला मोजायला अवघड. कारखान्यात गाळलेली दारू मोजायला सोपी. त्यामुळे धोरणाचा कल सौम्य पेयाकडून कडक पेयाकडे गेला. उरणच्या गाळपगृहांत मोहाची दारू होऊ लागली आणि मक्तेदारांच्या दुकानांतून ती ठाण्याच्या जंगलांत विकायला परत आली. पण ज्याच्या अंगणातच मोह आहे तो दुकानात कशाला जाईल? म्हणून १८९२ मध्ये मोहाविषयीचा स्वतंत्र कायदा झाला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगणे, त्यांचा व्यवहार करणे यांवरच बंधने आली. जे फूल टंचाईत भाजून, वाळवून, भाकरीत मळून खाल्ले जात होते ते मुद्देमाल झाले.

१८९२ हे वर्ष शहापूरच्या माणसाला आणखी एका कारणाने ठाऊक असायला हवे. त्याच वर्षी तानसा धरण पूर्ण झाले आणि त्याचे पाणी मुंबईला पोचले. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध आहे असा माझा दावा नाही. पण एका वर्षात एका मुलखाचे पाणी बाहेर गेले आणि त्याच मुलखाचे फूल त्याच्याच हातात गुन्हा ठरले, हा योगायोग मला नुसता योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. दोन्हींत तर्क एकच होता: इथल्या माणसाजवळ जे आहे ते मोजून घ्यावे आणि शहराच्या हिशेबात लावावे.

स्वातंत्र्यानंतर भूमिका बदलली, रेषा बदलली नाही. महसुलाच्या जागी नीती आली. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, नाव बदलून, महाराष्ट्रात आजही लागू आहे, आणि त्यातली दारूची व्याख्या फार व्यापक आहे: स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेला कोणताही द्रव. मामेभाऊ जे गॅरेजमध्ये करतो ते मी मुरबाडमध्ये केले तर तो गुन्हा आहे. व्याख्येचे अक्षर धरून बसणारा कोणी असेल तर दोन रात्रींच्या आंबिलीलाही तो तिथे ओढू शकेल. तसे कोणी करत नाही, हे खरे. पण अमेरिकेने जी रेषा मडके आणि भट्टी यांच्यामध्ये ओढली ती आपण पहिल्या बुडबुड्यापाशी ओढली. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुले गोळा करण्या-बाळगण्यावरची बंधने सैल केली. गेल्या काही वर्षांत मोहाची दारू देखण्या बाटल्यांतून शहरांतल्या मद्यशाळांत पोचली आहे आणि तिची चव वर्णन करणारे इंग्रजी लेख येऊ लागले आहेत. ज्या पाड्यांनी हे फूल जपले त्यांच्या हातचे मडके मात्र अजून त्याच जुन्या व्याख्येत आहे.

आता साहित्याकडे येते. मराठी साहित्यात दारूचे दार उघडते ते 'एकच प्याला'मध्ये. गडकऱ्यांचे निधन जानेवारी १९१९ मध्ये झाले आणि पुढच्याच महिन्यात नाटक रंगभूमीवर आले. त्याचे सामर्थ्य मी नव्याने सांगायला नको. पण वर्गात ते शिकवताना एक गोष्ट दरवर्षी जाणवते. त्या नाटकातला प्याला बाहेरून येतो. सुधाकर वकील आहे, अपमानाने घायाळ आहे. तळीराम त्याला प्याला देतो. आर्यमदिरामंडळात पुरुष जमतात आणि पितात. घर म्हणजे सिंधू, आणि सिंधूच्या घरात मद्य असूच शकत नाही. दारू ही घरावर बाहेरून कोसळणारी आपत्ती आहे. शहरी पांढरपेशा घरापुरते हे चित्र खरे होते. पण तेच पुढे साऱ्या मराठी समाजाचे चित्र झाले. मडक्यात रात्रभर आंबणारे, आजीने चाखून पाहिलेले, म्हाताऱ्याला वाटीभर आणि देवाला थेंबभर जाणारे पेय त्या चित्रात बसत नाही. म्हणून आपल्या साहित्यात ते फारसे दिसत नाही, आणि दिसले तर मागासपणाची खूण म्हणून. साहित्याने आणि कायद्याने एकमेकांना न विचारता एकच रेषा मान्य केली.

एवढे लिहिल्यावर कोणी म्हणेल, बाई घरच्या दारूचे समर्थन करत आहेत. म्हणून माझ्या घराबद्दल सांगणे भाग आहे. माझे आजोळ मुरबाड तालुक्यातले, शेतकरी घर. माझे थोरले मामा हातभट्टीच्या दारूने गेले. वय बेचाळीस. शेवटची दोन वर्षे त्यांचे पाय सुजलेले आणि डोळे पिवळे असत. आजीने ते सगळे काढले. त्यानंतर माझ्या आईने आयुष्यभर घरात आंबूस वास सहन केला नाही. आंबील ती करायची, फार छान करायची, पण पीठ रात्री उशिरा कालवायची आणि पहाटेच शिजवून टाकायची. जेमतेम पाच तास. डोशाचे पीठ जरा फुगून वर आले की तिचा चेहरा बदलत असे. गणपतीत कोणी आंबट झालेले ताक पुढे केले तरी ती उठून जाई. आम्ही मुले हसत होतो. मोठेपणी कळले की ती पीठ हुंगत नव्हती, भाऊ हुंगत होती.

म्हणून आडव्या बाटलीसाठी मतदानाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांकडे मी कधी वरून पाहू शकत नाही. त्यांचे म्हणणे पोटातून आलेले आहे. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्यात मेथॅनॉल होते. ते कोणाच्या आजीच्या मडक्यातून आले नव्हते. तो कारखान्यात लागणारा द्रव होता आणि पिणारी माणसे गरीब होती. मामांचे मरणही आंबिलीने ओढवले नाही. काळ्या गुळात नवसागर घालून रानात आडोशाला, भीत भीत, लवकर लवकर गाळलेल्या दारूने ते ओढवले. जे घरातून हाकलले ते संपले नाही. ते ओढ्याकाठी गेले, पुरुषांच्या हातात गेले, कडक झाले. कारण लपवून न्यायचे तर थोडक्यात जास्त चढणारेच परवडते. आणि तिथे पीठ हुंगून "आता पुरे" म्हणणारी बाई नव्हती. माझा सारा मुद्दा एवढाच आहे. मधली जागा गेली. आंबील आणि हातभट्टी यांच्यामध्ये जे सौम्य, गार, मोजके काही होते किंवा असू शकले असते, ते गेले, आणि त्याबरोबर ते ओळखणारे नाक गेले.

आई आता नाही. असती तर तिने हा परिच्छेद मान्य केला असता असे मला वाटत नाही. तिच्यासाठी मधली जागा नव्हतीच. पाच तास आणि मरण, एवढेच दोन टप्पे होते. तिच्या भीतीपुढे माझा इतिहास थोडा हलका पडतो, हे मला लिहिताना सतत जाणवते आहे. तरीही दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात असे मला वाटते. शोक खरा, आणि त्या शोकाने जेवढे बंद केले त्यातले काही बंद करण्यासारखे नव्हते, हेही खरे.

असो. 'एकच प्याला' शिकवायला घेताना मी आता मुलांना एक छोटे काम देते. आपापल्या घरी आंबवून काय काय करतात, त्याला काय म्हणतात आणि ते किती वेळ ठेवतात, एवढे विचारून यायचे. आंबील येते, कांजी येते, घावनाचे पीठ, सांडगे, आंब्याचे खारे पाणी येते. वेळ सांगताना मुले घड्याळ सांगत नाहीत. कोंबडा आरवेस्तोवर, वास पालटेस्तोवर, बोट घालून पाहिले की चिकट लागेस्तोवर, असे लिहून आणतात. पहिल्या वर्षी ज्या मुलीने आजींचे तिसऱ्या रात्रीचे वाक्य वहीत घेतले नव्हते तिला मी नंतर कारण विचारले. ती म्हणाली, "मॅडम, परीक्षेत दारूबंदीवर निबंध येतो." तिचे बरोबर होते. यंदाही तो आला होता, आणि तिच्या धाकट्या बहिणीने त्यावर सुरेख निबंध लिहिला. आंबिलीचा त्यात उल्लेख नाही. आंबिलीवर प्रश्न विचारायचा झाला तर तो कोणत्या पेपरात विचारावा, हे मात्र आमच्या अभ्यासमंडळात अजून कोणाला सांगता आलेले नाही.